तुम्ही विचारलंत म्हणून : अलिबागला कोणत्या रविवारी?

"मुंबईहून एका दिवसात अलिबाग होतं का?" होतं. गेटवेहून मांडव्याला बोट, तिथून बस, समुद्र, जेवण, परत. एवढं तुम्हालाही ठाऊक असतं. तुमचा खरा प्रश्न त्यापुढचा: "या रविवारी जाऊ की पुढच्या?" त्यावर मी "तिथी कोणती?" असं विचारलं की समोरचा हसतो. अहो, मला उपास नाही. पाण्याचा हिशेब आहे.

हिशेब असा. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मुंबईचं, अपोलो बंदराचं कोष्टक बघा. अलिबागला तेच चालतं. रत्नागिरीचं बघून निघू नका.

आता तुम्ही म्हणाल, किनाऱ्यावर बसायचंय, भरती काय नि ओहोटी काय! बरं. पौर्णिमेच्या आसपास दुपारी बाराला किहीमच्या किनाऱ्यावर पोचा. पाणी सुरूच्या झाडांकडे सरकलेलं असतं आणि अंथरायला आणलेली चादर पिशवीतच राहते. आणि अलिबागसमोर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला त्या दिवशी काठावरूनच बघायचा, कारण चालत जाण्याजोगी ओहोटी एक तर पहाटे नाहीतर संध्याकाळी. पहाटे तुम्ही बोटीच्या रांगेतसुद्धा नसता.

म्हणून बरीच वर्षं मी सगळ्यांना एकच सांगत आलो: अष्टमी धरा. ओहोटी बाराला, आधी नाश्ता, मग किल्ला, मग जेवण. कागदावर याहून सोयीचा दिवस नाही. सल्ला चुकीचा होता. कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण अष्टमीची शिफारस करणारे अजून पुष्कळ आहेत.

अष्टमी म्हणजे भांग, उधाणाच्या अगदी उलट. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच खोल उतरतं; कोष्टकात ओहोटीचा आकडा एक मीटरच्या खाली जातो. भांगाला चढही कमी आणि उतारही कमी. ओहोटीलासुद्धा आकडा दीड-दोन मीटरच्या आसपास अडतो. वेळ बरोबर, पाणी मात्र गेलेलंच नाही! मंडळी बाराला काठावर उभी. किल्ल्याच्या पायाशी खडक उघडे दिसतात, म्हणून वाटही उघडी असेल असं वाटतं. निम्म्यावर गेल्यावर पाणी गुडघ्याला, मग मांडीला. कोणाच्या खांद्यावर मूल, कोणाच्या डोक्यावर चपला. तरी जातात, कारण घोडागाड्या जाताना दिसतात. घोड्याची उंची कोणी मोजत नाही.

आत गेल्यावर तास कसा जातो कळत नाही. गणपतीचं देऊळ, समुद्राच्या पोटात असूनही गोड्या पाण्याची विहीर, पलीकडे सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला. शिवाजी महाराजांनी 1680 साली बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं झालेला किल्ला, भराभर उरकावा असा नाहीच. पण पाणी वळलेलं असतं. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकंच चढतं, म्हणून फसगत होते. दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. शिवाय किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी येऊन ते मधल्या सखल पट्ट्यात मिळतं. दारातून बघणाऱ्याला पायाखालचे खडक कोरडे दिसतात आणि वाट मागच्या मागे भरलेली असते. ओहोटीच्या वेळेनंतर दोन तासांनी बाहेर पडलेल्यापुढे दोनच मार्ग: मिळाली तर घोडागाडी, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत बसून राहणं. शेवटची बोट तोवर निघून जाते.

तेव्हा चतुर्थी-पंचमी धरा. ओहोटी नऊ-दहाला आणि उधाण नुकतंच सरलेलं, म्हणून पाणीही खरंच उतरतं. पहाटेची बोट धरायची. तासाभरात मांडवा, बसने पाऊण तासात अलिबाग. ओहोटीच्या तासभर आधी वाटेला लागा आणि ओहोटीनंतर तासाभरात काठाला परत या. मग सहा तास उरतात. त्यात एकच बाजू. दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. उत्तरेला थळ, किहीम, आवास, सासवणे. सासवण्यात करमरकरांचं शिल्पालय आहे. दोन्ही बाजू करणारे दिवसभर रिक्षाच बघतात. नागावात घरगुती खानावळीला सकाळीच फोन करून माणसं सांगा; दीड वाजता दारात उभं राहून मासे मागितले तर तीन वाजतात. परतीचं तिकीट आधी काढलेलं हवं आणि बोटीच्या वेळेतून दीड तास वजा करून अलिबागच्या बसपाशी हजर. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, तीही समुद्र खवळला तर नाही. मात्र त्या दिवसांत किल्ल्याचा विचारच सोडा.

"पण मला रविवारच मिळतो." माहीत आहे. एक रविवार सोडून पुढच्या रविवारी जवळजवळ तीच तिथी दुसऱ्या पक्षात येते, एखाद्या तिथीने मागे. म्हणजे चांगले रविवार आले की एकाआड एक येत राहतात आणि हळूहळू घसरतात. मग काही आठवडे असे येतात की एक रविवार अष्टमीचा, पुढचा पौर्णिमेचा किंवा अमावास्येचा. त्या काळात किल्ला सोडून फक्त गावं करा, असं मी सांगतो. कोणी ऐकत नाही, आणि किल्ल्याशिवाय अलिबाग म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही.

राहिली द्वादशी. ओहोटी तीनला, पाणी बऱ्यापैकी उतरलेलं, गावं आधी आणि किल्ला शेवटी. चारला काठावर आलात तर संध्याकाळची बोट मिळते. साडेचार झाले तर धावपळ. परवा कोणी तरी विचारलं, जाऊ का? मी आधी हो म्हटलं, मग नाही, मग "बरोबर लहान मुलं आहेत का?" असं विचारलं.