काजिमा म्हणजे जपानची एल अँड टी?

पुण्यातले सिव्हिलवाले मित्र मला हमखास विचारतात, "काजिमा म्हणजे तुमच्या जपानची एल अँड टीच ना?" टोकियोत राहतो म्हणून मला विचारतात, आणि घाईत असलो की मी "हो" म्हणून मोकळा होतो. आकारापुरतं ते चालतंही. काजिमाची वर्षाची उलाढाल अडीच लाख कोटी येनच्या पुढे आहे, देशातल्या पाच बड्या बांधकाम कंपन्यांत तिचं नाव आहे. पण घडण बघायला गेलं तर उत्तर बदलतं.

१८४० साली काजिमा इवाकिची नावाच्या सुतारानं एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, धंदा सुरू केला. योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुलं झालं तसा तो तिकडे गेला आणि १८६० मध्ये त्यानं जार्डिन मॅथेसनची कोठी बांधली. (हो, मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय ज्यांच्याबरोबर चीनचा व्यापार करत, तीच जार्डिन मॅथेसन.) पुढच्या पिढीतल्या इवाझोनं १८८० मध्ये रेल्वेची कामं धरली. मग बोगदे, धरणं, वीजघरं असा पसारा वाढत गेला.

हे घराणं टिकलं ते जावयांमुळे, आणि मला त्यातच खरी गंमत वाटते. इवाझोनंतर धुरा गेली सेइइचीकडे, तो दत्तक घेतलेला जावई. सेइइचीनंतर मोरिनोसुके, तोही दत्तक जावई आणि मूळचा परराष्ट्र खात्यातला. मोरिनोसुके राजकारणात शिरला, मंत्री झाला. १९५७ मध्ये त्याची बायको उमे कंपनीची अध्यक्ष झाली. त्यांच्या जावयांपैकी एक व्यापार खात्यातला अधिकारी, दुसरा रेल्वेतला इंजिनिअर, आणि दोघेही पुढे अध्यक्ष झाले. जिथून कामं यायची, त्या दारातलीच माणसं घरात येत गेली. हा योगायोग आहे असं मी तरी मानत नाही. १९९० पासून मात्र अध्यक्षपदी घराबाहेरची माणसं आहेत.

घराण्याइतकाच पैसा आणि मान त्यांनी संशोधनाला दिला. १९४९ मध्ये, देश युद्धातून धड सावरलेलाही नसताना, काजिमानं स्वतःची संशोधन संस्था काढली. जपानच्या बांधकाम धंद्यात तोवर असं कुणी केलं नव्हतं. इमारतींवरची ३१ मीटर उंचीची मर्यादा १९६३ मध्ये उठायला लागली, आणि त्याच वर्षी टोकियो विद्यापीठातले भूकंपतज्ज्ञ मुतो कियोशी काजिमात आले. भूकंपाला ताठरपणे तोंड देण्यापेक्षा इमारतीनं लवचिकपणे डोलावं, या विचारावर १९६८ मध्ये ३६ मजल्यांची, १४७ मीटर उंच कासुमिगासेकी इमारत उभी राहिली. जपानची ही पहिली गगनचुंबी इमारत. आज टोकियोत ती ठेंगणीच दिसते.

आता मजुरांकडे या. मूळ कंपनीत माणसं जेमतेम आठ हजारांच्या आसपास. ती नियोजन करतात, देखरेख करतात, जोखीम घेतात. लोखंड बांधणारे, शटरिंगवाले, क्रेनवाले दुसऱ्या कंपन्यांचे; त्या कंपन्यांच्या हाताखाली आणखी छोट्या कंपन्या, आणि अगदी तळाला आपल्याकडच्या मुकादमासारखा एक म्होरक्या, त्याच्या टोळीसकट. मोठ्या साइटवर ही सगळी उतरंड दाखवणारा तक्ता लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. कुंपणावर तो दिसला की मी थांबून वाचतो. वरच्या चौकटीतलं नाव सगळ्यांना माहीत असतं, खालची कुणालाच नाही.

मंदी आली की वरच्या कंपनीला पगाराचं ओझं नसतं, ते खाली झिरपतं. माझ्या मते काजिमाच्या वाढीमागे संशोधनाइतकाच या रचनेचा हात आहे. मजूर आपले नसले की काय होऊ शकतं, त्याचं सगळ्यात काळं उदाहरण याच कंपनीच्या इतिहासात आहे. युद्धकाळात अकिता प्रांतात हानाओकाच्या खाणीजवळ नदी वळवण्याच्या कामावर ९८६ चिनी माणसं जबरीनं आणून राबवली. जून १९४५ अखेर त्यांनी उठाव केला, तो चिरडला गेला. एकूण ४१८ माणसं मेली. २००० साली न्यायालयात तडजोड होऊन काजिमानं ५० कोटी येन दिले.

आजची अडचण वेगळी आहे. तळातले कारागीर म्हातारे झालेत, तरुण या कामाला येत नाहीत आणि एप्रिल २०२४ पासून बांधकामातही ओव्हरटाइमवर कायद्याची मर्यादा आली. म्हणून काजिमा धरणांच्या कामावर चालकाविना चालणारे डोझर, रोलर आणि डंपर उतरवतेय. अकितातल्याच नारुसे धरणावर त्यांनी काम केलंय.

तेव्हा एल अँड टीला जोड शोधायचीच असेल तर त्याच पाच बड्या कंपन्यांतल्या ताइसेईकडे बघा. ती ओकुरा घराण्याची होती. युद्धानंतर बडी औद्योगिक घराणी मोडली गेली तेव्हा तिचे शेअर कर्मचाऱ्यांनी घेतले. एल अँड टीतही मालक घराणं नाही, आणि २००३ नंतर बिर्लांच्या ग्रासिमकडचा मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे आला. मित्रांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग ताइसेईत कुणी ओळखीचं आहे का?"