टाके सुकले, तरी

रविवार, रात्र

आज बाबांनी स्वतःहून ‘नवप्रभा’ मागून घेतला आणि अग्रलेख मोठ्याने वाचला. एकाही शब्दावर अडले नाहीत. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. काही बोलली नाही, पण चहात साखर नेहमीपेक्षा जास्त पडली.

पावसाळ्यात कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, उतरताना बाबांचं डोकं तिथल्या मांगराच्या (खोपटाच्या) चौकटीला लागलं होतं. टेंगूळसुद्धा आलं नाही. काही आठवड्यांनी उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली आणि बोलताना शब्द सापडेनासे झाले. सीटी स्कॅनमध्ये डावीकडे, मेंदू आणि कवटीच्या मध्ये, रक्त साचलेलं दिसलं. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फुटतात. त्यात बाबांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं, इंजिन ऑइलसारखं काळं. उरलेलं निचरून जावं म्हणून दोन दिवस नळी ठेवली. बाबा चालत घरी आले.

आणि चवथीच्या आधी चप्पल पुन्हा निसटली.

गणपतीवरची माटोळी (फळा-पानांची आरास) बांधायला आलेला जो तो विचारत होता, “पहिल्यांदा नीट केलं नव्हतं का?” मला या प्रश्नाचा फार राग येतो. जुन्या रक्ताभोवती एक पापुद्रा धरतो, त्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्याच पाझरत राहतात. ऑपरेशनने रक्त निघतं, पापुद्रा राहतो. इतके दिवस दबलेला मेंदू लगेच फुलून येत नाही आणि ती रिकामी जागा पुन्हा भरू शकते. केंब्रिजच्या अभ्यासात (२००९) नळी न ठेवलेल्यांपैकी साधारण २४ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, नळी ठेवलेल्यांपैकी ९ टक्के. म्हणजे सगळं नीट करूनही काही जण उरतातच. बाबा त्यांतले.

दुसऱ्या स्कॅनमध्ये काळपट जुन्या रक्तात पांढरं, ताजं रक्त मिसळलेलं होतं. पहिल्या वेळी मला काही कळतच नव्हतं, या वेळी सगळं कळत होतं. म्हणून भीती जास्त होती.

आता मी बाबांना “डोकं दुखतं का?” असं विचारत बसत नाही. दुखलं तरी ते नाहीच म्हणणार. त्यांना पुढे चालू देते आणि पाय बघते. पेला कुठल्या हाताने उचलतात, वाक्य पुरं करतात का, दुपारी अवेळी झोप येते का, हेही बघते. शेजारच्या काकींना वाटतं, मी उगाच मागे लागले आहे. वाटू दे.

गुरुवारी बांबोळीच्या इस्पितळात स्कॅन आहे. वहीत दोन प्रश्न लिहून ठेवलेत. रक्त पातळ करणारी गोळी परत कधी सुरू करायची? हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर मिळून ठरवतील ना? आणि दुसरा, त्या पापुद्र्याला रक्त पुरवणारी धमनी आतून नळी घालून बंद करतात, त्याचे चांगले निकाल २०२४मध्ये आले आहेत. बाबांना त्याचा उपयोग होईल का, आणि ते गोव्यात होतं की बाहेर जावं लागेल?