आमची वाटचाल : गुडघा उजवा की डावा?

‘मेडिकल कोडिंग’ म्हटलं की नागपुरात अजूनही विचारतात, “म्हणजे सॉफ्टवेअर का हो?” नाही बाप्पा. अमेरिकेतल्या रुग्णाचे कागद वाचून आजार आणि ऑपरेशनला ठरलेले कोड लावायचे, म्हणजे तिकडच्या हॉस्पिटलला विमा कंपनीकडून पैसे मिळतात.

आम्ही सुरुवात ट्रान्सक्रिप्शनने केली. डॉक्टरांचं बोलणं हेडफोनवर ऐकून टाइप करायचं. पुढे हे काम सॉफ्टवेअर करायला लागलं आणि आमचे दर घसरले. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेत आयसीडी-९ ही आजारांच्या कोडची जुनी यादी जाऊन आयसीडी-१०-सीएम ही नवी लागू झाली, त्याच सुमारास आम्ही कोडिंगकडे वळलो. मी बी.फार्म., भागीदार फिजिओथेरपिस्ट. हाडं-सांधे तिच्या तोंडपाठ, अँटिबायोटिक्स माझ्या.

बाकीच्या कोडिंग कंपन्या एक्स-रे रिपोर्टचे गठ्ठे उपसतात. त्यात एका चार्टमागे, म्हणजे रुग्णाच्या एका फाइलमागे, मिळतं किती ते विचारू नका. आम्ही सांध्यांचं इन्फेक्शन धरलं, कारण ते कुणालाच नको असतं. जुन्या पद्धतीत सांध्यासाठी ७११.०६ एवढाच कोड होता : पायाच्या खालच्या भागातला सांधा, आत पू. उजवा की डावा, कुणी विचारत नसे. आता स्टॅफिलोकोकस या जंतूमुळे उजवा गुडघा पिकला तर एम००.०६१, डावा असेल तर एम००.०६२, आणि जंतूचा कोड वेगळा. त्यातही एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, असेल तर बी९५.६२, त्याला दबणारा साधा ऑरियस असेल तर बी९५.६१.

खरी गंमत गुडघा बदललेल्या रुग्णाची. चार्टवर एवढंच असतं : ‘एस/पी टीकेआर, नी इन्फेक्शन.’ म्हणजे गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालेलं, आणि गुडघ्याला इन्फेक्शन. आता इन्फेक्शन कृत्रिम सांध्याला आहे, की फक्त टाक्यांच्या जागी? कृत्रिम सांधा असेल आणि गुडघा उजवा असेल तर टी८४.५३, जखम असेल तर टी८१.४ च्या घरातला कोड. नवीन मुलं टी८४.५३ लिहून मोकळी होतात. पण हा कोड सात अक्षरी : सहाव्या जागेवर नुसता एक्स, सातव्यावर उपचाराचा टप्पा. ऑपरेशन जुनं आहे म्हणून पुष्कळजण तिथे डी, म्हणजे मुख्य उपचारानंतरची देखरेख, लावतात. पण त्याच इन्फेक्शनवर उपचार चालू असेल तर ए, म्हणजे सक्रिय उपचार. अमेरिकेच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत नेमकं कृत्रिम सांध्याच्या इन्फेक्शनचंच उदाहरण दिलं आहे, तरी वाद घालतात.

कल्चरमध्ये, म्हणजे जंतू ओळखायच्या लॅब तपासणीत, एमआरएसए दिसतोय म्हणून आम्ही तो आपल्या मनाने लावू शकत नाही. डॉक्टरांनी तो नोटमध्ये लिहिला पाहिजे. नसेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवायची. तीही “हा एमआरएसएच आहे ना?” अशी नाही, तोंडात शब्द घालायचे नाहीत. रिपोर्टमधलं जे आहे ते मांडायचं, पर्याय द्यायचे, ‘अन्य’ आणि ‘ठरवता येत नाही’ हेही ठेवायचे. एका क्लायंटला हे पटेना. “क्वेरी कमी करा, डॉक्टर वैतागतात,” म्हणाले. आम्ही काम सोडलं. दिवाळी तोंडावर होती, बोनसचे वांधे झाले, पण ऑडिटमध्ये मान आमचीच अडकली असती.

दरवर्षी १ ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात आणि त्याच्या आगेमागे दसरा. आमचं ऑफिस दीक्षाभूमीजवळ. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रस्ते बंद, निळ्या झेंड्यांची गर्दी, त्यामुळे नव्या कोडचं ट्रेनिंग आधीच आटोपून घेतो. खंडेनवमीला कॉम्प्युटरसोबत कोडबुकलाही हळदकुंकू लागतं.

अलीकडे धंतोलीतल्या हॉस्पिटलांमधूनही बोलावणं येतं. कॅशलेसच्या फाइलवर टीपीएचे (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचे) प्रश्न आले की त्यांनाही कळतं, नोटमध्ये बाजू, जंतू आणि सांधा आधीचाच की बसवलेला, हे लिहायला हवं होतं. शिकाऊ डॉक्टरांसाठी आम्ही तासाभराचं सेशन घेतो, फी घेत नाही.

सध्या भरती सुरू आहे. बीपीटी (फिजिओथेरपी), बी.फार्म., नर्सिंग, बीएएमएस, कुणीही चालेल. पालकांसाठी खास सांगतो : नाइट शिफ्ट नाही. अमेरिकेतले चार्ट रात्री येऊन पडतात, कोडिंग आपण दिवसाच करतो. उन्हाळ्यात एसी चालू असतो, आणि शनिवारी तर्री-पोहे ऑफिसकडून.