कूलरच्या आवाजात

मे महिन्यात सोलापुरात दुपारी टीव्ही नुसता बघायचा असतो. पत्र्याचा कूलर घरघरायला लागला की पडद्यावरची माणसं फक्त ओठ हलवतात. परवा असाच एक शंभर कोटीवाला हिंदी सिनेमा लागला होता, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला. नायक स्वतः बोलत होता तोवर ठीक. समोरची बाई बोलायला लागली की साहेब आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभे! आवाज असता तर पार्श्वसंगीताने त्याची अब्रू झाकली असती.

माझी ही जुनी खोड. बोलणाऱ्याकडे मी बघतच नाही, ऐकणाऱ्याकडे बघते. १९८८ साली ‘वागळे की दुनिया’ लागायची तेव्हा अंजन श्रीवास्तव कुरकुरत असायचे आणि मी भारती आचरेकरांकडे बघत असायची. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली बाई नवऱ्याचं ऐकते ना, तसं त्या ऐकायच्या. अर्ध्या कानाने, पण सगळं.

लेखनाची परीक्षा मात्र आईकडे. टीव्ही बाहेरच्या खोलीत, आई आत. १९८४ची ‘ये जो है ज़िंदगी’ तिने पाहिली कमी, ऐकली जास्त. सतीश शहा दर भागात नवं सोंग घेऊन यायचे आणि आम्ही पोरं हसून लोळायचो. आईला ते सोंग दिसायचंच नाही. तिच्यापर्यंत पोचायचे ते शरद जोशींचे संवाद. (आपले शेतकरी संघटनेवाले नव्हेत, हिंदीतले व्यंगकार.) आतला भाकरी थापायचा आवाज थांबला की समजायचं, विनोद पास. एखादवेळी तव्यावरची भाकरी करपायची, तो भाग म्हणजे सुवर्णपदक. आणि बाहेर आम्ही खिदळत असताना आत थपथप तशीच चालू राहिली, की जेवताना ऐकावं लागायचं, “काय त्या माकडचेष्टा!” ती ज्वारीची परीक्षा फार कडक होती.

म्हणून मला मालिकेतला तयार हशा सोसत नाही. ‘फ्रेंड्स’चं चित्रीकरण खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायचं, मान्य. पण वाक्य टाकून झालं की सगळे हशा ओसरायची वाट बघत थांबतात, ते एकदा दिसलं की दिसतच राहतं. त्यापेक्षा २००४ची आपली ‘साराभाई’. पहिल्या फेरीत तिला टीआरपी धड मिळाला नाही, लोकांनी नंतर डोक्यावर घेतलं. सून बोलत असताना रत्ना पाठक शहांची भुवई बघा, आणि मग डोळे मिटून नुसतं ऐका. दोन्ही परीक्षा पास.

‘सैराट’बद्दल मी काही बोलणार नाही. शूटिंग करमाळ्याचं, पोरगी अकलूजची, आणि मला याच जिल्ह्यात राहायचंय.

‘टायटॅनिक’वर मात्र भावाच्या मुलाशी माझं दर सुट्टीत वाजतं.

“आत्या, अकरा ऑस्कर आहेत त्याला!”

आहेत ना. त्या अकरांत अभिनयाचं एक नाही. नामांकनं चौदा, पण त्यात पटकथेचं नाहीच. त्याने लगेच मोबाइलवर शोधलं आणि गप्प बसला. तसं मला ते जहाज आवडलं, पाणीही आवडलं. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात एवढं पाणी बघायला मिळतंय तर तक्रार कोण करणार? पण ती दोघं एकमेकांची नावंच इतक्यांदा घेतात, की तेवढ्यात आईच्या अर्धी टोपली भाकरी झाल्या असत्या.

परवा कळलं, हा पठ्ठ्या सगळं दीडपट वेगाने बघतो. “आत्या, मधे नुसतं बघत बसतात बे ते, वेळ जातो.” म्हणजे माझी ती ऐकणारी माणसं याच्या हिशेबात नाहीतच. खरं टायटॅनिक बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली होती. हा सव्वा तीन तासांचा सिनेमा सव्वादोनच्या आत बुडवतो आणि पार्क चौपाटीवर भेळ खायला मोकळा.