कमरेतलं इंजेक्शन नेमकं कुठे?

'कमरेत इंजेक्शन' म्हणतो आपण, पण सुई जाते कुल्ल्यात. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा आणि वरच्या, बाहेरच्या भागात टोचा, हे सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. घोळ होतो तो भाग पाडताना. वरची सीमा कमरेच्या हाडाची कड असायला हवी. ओपीडीत मात्र पेशंट उभाच असतो, कपडा जेमतेम सरकवलेला, आणि घाईत नुसत्या मांसल गोलाईचेच चार भाग धरले जातात. जागा खाली आणि आत सरकते, म्हणजे सायटिक नर्व्हच्या, कुल्ल्यातून पायात उतरणाऱ्या मोठ्या नसेच्या, दिशेने. तिला इजा झाली की पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते. लहान मुलं आणि हडकुळ्या पेशंटमध्ये हा धोका जास्त.

जाड पेशंटची अडचण वेगळी. तिथे चरबीचा थर १ इंची सुईला पुरून उरतो. औषध स्नायूपर्यंत पोचत नाही, चरबीतच राहतं आणि गाठ धरते. कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस कुल्ल्यावर कधीच द्यायची नाही, त्याचं कारण हेच. ती दंडात, आणि २ वर्षांखालच्या मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला मधल्या भागात.

मोठ्या माणसाला २–३ मिलि औषध द्यायचं असेल तर खुब्याची बाजू, म्हणजे व्हेंट्रोग्लूटियल जागा, कितीतरी बरी. मोठी नस नाही, मोठी रक्तवाहिनी नाही, चरबीही कमी. तरी आपल्याकडे ती फारशी वापरली जात नाही. सवय नाही, एवढंच. पेशंटला कुशीवर झोपवा, वरचा पाय गुडघ्यात थोडा दुमडा. डाव्या खुब्यासाठी आपला उजवा हात, उजव्यासाठी डावा. तळहाताचा मनगटाकडचा भाग मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर, अंगठा जांघेकडे, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर. आता मधलं बोट हाडाच्या कडेने मागे ताणा. दोन बोटांत इंग्रजी व्ही तयार होतो. त्याच्या मधोमध टोचा. हात काढण्याआधी जागा नीट हेरून ठेवा, नाहीतर सुई आपल्याच बोटाला.

दंडात १ मिलिपर्यंतच. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली मोजायची. त्याच्या वर टोचलं तर औषध सांध्याच्या आवरणात जाऊ शकतं आणि खांदा महिनोन्‌महिने दुखतो. बाही वर खेचून अर्धवट दंडावर अंदाजाने देणाऱ्यांचं हेच चुकतं. शर्टातून हात बाहेर काढायला लावा.

गेज म्हणजे सुईची जाडी; आकडा मोठा तितकी सुई बारीक. दंडाला २३ गेजची निळी, १ इंची सुई; खुब्याला २२ किंवा २१ गेजची दीड इंची. बेन्झाथिन पेनिसिलिन हे अँटिबायोटिक दाट असतं, त्याला २१ गेजची हिरवीच. पावडर पाण्यात मिसळल्यावर ते ठेवून देऊ नका, आणि देताना मध्येच थांबू नका, सुई तुंबते.

स्पिरिट लावलं की ३० सेकंद वाळू द्या. ओल्या त्वचेवर टोचलं की आग होते ती स्पिरिटची. कातडी बाजूला २–३ सेंमी ओढून धरा, सुई ९० अंशांत एका झटक्यात आत. लसीसाठी दट्ट्या मागे ओढून रक्त बघायची गरज नाही. कुल्ल्यावर द्यावंच लागलं तर ५ ते १० सेकंद ओढून बघा. रक्त दिसलं तर सगळं टाकून नव्याने भरा. १ मिलिला १० सेकंद या गतीने सोडा, आणखी १० सेकंद थांबा, सुई काढा आणि मग कातडी सोडा. कातडी जागेवर आली की सुईची वाट आपोआप बंद होते. वरून कापूस नुसता दाबून धरा, चोळू नका.

पावसाळ्यात तापाचे पेशंट 'एक सुई द्याच' म्हणून अडून बसतात. डेंग्यूची शंका असेल, तर स्नायूत काही देऊ नका. प्लेटलेट उतरलेल्या असतील तर स्नायूतच रक्त साकळतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हेही आधी विचारा.

इंजेक्शननंतर अर्धा तास पेशंट नजरेसमोर. अंगावर गांधी, घशात घरघर, बीपी खाली, असं दिसलं की ती औषधाची जोरदार अॅलर्जी समजा आणि लगेच अॅड्रेनालिन (१ मिलित १ मिग्रॅ), मोठ्या माणसाला ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अॅम्प्युल आणि सिरिंज ट्रेमध्ये आधीच तयार हवी, कपाटाची किल्ली शोधायला तेव्हा वेळ नसतो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. थेट हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापून टाकायच्या डब्यात.