दोन साडू आणि पोटाचा घेर

अमळनेर तालुक्यातील एका गावात मधुमेह, रक्तदाब यांसारख्या असंसर्गजन्य आजारांचे तपासणी शिबिर होते आणि तेथे दोन साडू सकाळी उपाशीपोटी एकत्र आले. थोरला धान्याची पोती वाहणारा हमाल, धाकटा किराणा दुकानदार. वजन-उंचीच्या यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर हमालासाठी ‘ओव्हरवेट’ आणि दुकानदारासाठी ‘नॉर्मल’ असे छापून आल्याने धाकट्याने रांगेतच चेष्टा आरंभली होती. थोरला मात्र मनापासून दुखावला होता. “मी कोठे जाडा शे, डॉक्टर?” असे त्याने मला विचारले, आणि हा प्रश्न मला अगदी रास्त वाटला.

त्याची उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ७६ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २६.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २५ ते २९.९ हा टप्पा ओव्हरवेटचा असून ३० पासून लठ्ठपणा सुरू होतो. यंत्रात हेच आकडे भरलेले होते. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये मांडलेले निकष याहून कडक आहेत, कारण आपल्याकडे मधुमेह कमी वजनावरच गाठतो. त्यानुसार २३ पासूनच वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. हे निकष लावले की १६८ सेंटिमीटर उंचीचा, ६७ किलोंचा, २३.७ बीएमआयचा दुकानदार ‘ओव्हरवेट’ ठरत होता. पण मग हमाल थेट लठ्ठ ठरत होता, आणि ते तर त्याच्या खांद्यांकडे पाहूनही कोणाला पटले नसते.

मी टेप घेतली. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजलेला घेर भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. हमालाचा घेर ८४ भरला. दुकानदाराचे हातपाय काटकुळे, सैल सदऱ्यामुळे पोट दिसत नव्हते, आणि घेर ९८! उपाशीपोटीची रक्तातील साखर हमालाची ९२, म्हणजे ठीक, तर दुकानदाराची १४८, म्हणजे मधुमेहाच्या टप्प्यात आली. चेष्टा तेथेच थांबली.

बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि चरबी कोठे साठली आहे हेही कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पोटाच्या आत, यकृताभोवती साठणारी ही चरबी इन्सुलिनचे काम अडवते, आणि म्हणून दिसायला किडकिडीत असलेल्या माणसालाही मधुमेह होतो. ‘बारीक आहे, त्याला काय होणार’ ही समजूत मला लठ्ठपणाइतकीच घातक वाटते.

दुकानदाराला एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करायला पाठवले, ते ७.४ आल्याने निदान पक्के झाले. त्याची औषधे सुरू झाली, आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या त्या माणसाने सकाळ-संध्याकाळ चालण्याचे कबूल केले. हमालाशी मात्र मी वजनाचा विषय काढलाच नाही, कारण त्याच्या तपासणी अर्जात आजाराच्या धोक्याचे गुण वाढवणारी गोष्ट एकच होती, तंबाखू, आणि त्याच्या वाट्याचा बहुतेक वेळ मी त्याच विषयावर बोलण्यात घालवला.