घड्याळातला बावलो आणि दिल्लीचं धुकं

आईला कोणी विचारलं की हैदराबादेत काय काय बघितलंस, तर ती चारमिनारचं नाव शेवटी घेते. आधी घड्याळ, मग विमानतळ. विमानतळावर आम्ही जेवढा वेळ काढला तेवढा चारमिनारला काढलाच नाही, त्यामुळे तिचं काही चुकत नाही म्हणा.

झालं असं की जानेवारीत तीन दिवस जोडून सुट्टी मिळाली आणि नवऱ्याने डोक्यात घेतलं की या वेळी गाडी नको, एस्टी नको, विमानानेच जायचं. वेंगुर्ल्याहून चिपी तसं जवळ, २०२१ च्या ऑक्टोबरात तिथे विमानतळ सुरू झालं तेव्हा आम्ही मुद्दाम बघून पण आलेलो, पण आमच्या तारखांना जमणारं विमान मिळालं ते मोपाचं. मोपा गोव्यात असलं तरी आम्हाला ते आपलंच, बांदा ओलांडलं की आलं. तिथे पहिलं प्रवासी विमान उतरलं ५ जानेवारी २०२३ ला आणि तेसुद्धा हैदराबादहून आलेलं, हे नवऱ्याला पाठ. त्याला तो शुभशकुन वाटत होता. असो.

पहिला खटका खोबऱ्यावरून उडाला. नवऱ्याच्या तिथल्या मित्राच्या घरी द्यायला म्हणून आईने कोकमं, खाजं आणि सुक्या खोबऱ्याच्या सहा वाट्या बांधून घेतलेल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं असं विमानतळावरच्या सामान तपासणाऱ्यांचं म्हणणं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "पन्नास वर्सां खोबरा सुकयतंय गे मी, कधी पेटला घर?" जावयासमोर ती एरवी इतकं मोठ्याने बोलत नाही. वाट्या तिथेच राहिल्या.

हैदराबाद छानच आहे, त्यात वाद नाही. चारमिनार १५९१ चा, खालून मान वर करून बघितला, वर जायला आईचे गुडघे तयार नव्हते. लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घेतल्या, गोवळकोंड्याला खालच्या दरवाज्यात टाळी वाजवली की थेट किल्ल्याच्या माथ्यावर बालाहिसारपर्यंत ऐकू येते ते करून बघितलं. पण आई रमली ती सालारजंग म्युझियममधल्या त्या घड्याळापुढे. त्यात एक छोटा लोहार सेकंदासेकंदाला घण मारत असतो आणि दर तासाला दार उघडून एक बाहुला बाहेर येतो, जितके वाजले तितके ठोके घंटेवर देतो आणि परत आत जातो. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी बारा वाजायच्या आधीपासून लोक बसून होते, पोरं खांद्यावर, सगळ्यांचे मोबाईल वर, आणि बाराला तो आला म्हणजे आलाच. आईने टाळ्या वाजवल्या. तिकडे निजामाच्या काळातली एवढी हिरेमाणकं, तलवारी, चिनीमातीची भांडी, त्यांच्याकडे हिने ढुंकून बघितलं नाही.

आता परतीचं. विमान संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटांचं. आम्ही कोकणातली माणसं, दोन तास आधी पोचा म्हटल्यावर साडेतीन तास आधी शमशाबादला विमानतळावर पोचलो. बोर्डावर आमच्या विमानापुढे ६.४५ दिसलं, मग ७.३०, आणि मग कोणी वेळच लिहीना.

आई एस्टी स्टँडवर वाढलेली बाई, म्हणजे तिचं माहेर स्टँडसमोरच होतं, त्यामुळे थांबण्याचा तिला त्रास असा नाही. तिला त्रास होता तो वेगळाच. "चौकशीची खिडकी खंय आसा हय?" तिने तीनदा विचारलं. स्टँडवर खिडकीत कंट्रोलर बसलेला असतो, तो वसकन अंगावर येतो, पण गाडी डेपोतून सुटली की नाही ते तरी सांगतो. इथे एवढ्या काचा, एवढे दिवे, गुळगुळीत फरशी, आणि विचारायचं कोणाला तर मोबाईलला.

मोबाईलला विचारलं. विमान कुठे फिरतंय ते दाखवणारं ॲप असतं, त्यात आमचं विमान सापडलं.

"खंय आसा तां?"
"दिल्लीक."
"दिल्लीक? आमी हय आणि इमान दिल्लीक?"

मग मी तिला समजावलं की सकाळी दिल्लीत दाट धुकं होतं, विमान तिथेच अडकलं, आणि एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं त्यामुळे पहिली चुकली की पुढच्या सगळ्या चुकत जातात. ती म्हणाली, "मगे असा सांग ना, शिरोड्याची गाडी सकाळी पंक्चर झाली काय सांजची रेडीची पण बोंबालता." विमानकंपनीच्या मॅनेजरला सुद्धा हे इतकं सुटसुटीत सांगता आलं नसतं.

गेटवर एक कोवळा पोरगा होता ब्लेझर घातलेला. तो साधारण तासाभराने आतल्या दारातून यायचा, माईकवर नवी वेळ सांगायचा, गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करायचा आणि आत जायचा. दुसऱ्या वेळी आई मला कोपराने ढोसून म्हणाली, "बावलो इलो गे!" आणि मी जी हसायला लागले ती थांबेचना, कारण खरंच तसंच होतं, तेच दार, तेच ठोके, फक्त घड्याळातला बाहुला वेळ बरोबर सांगायचा.

आठनंतर मात्र गेटचं स्टँड झालं. तोपर्यंत सगळे कानात वायरी घालून गप्प, नंतर कोण कुठला ते बाहेर पडायला लागलं. शेजारचे काका कुडाळचे निघाले, त्यांना नियम सगळे तोंडपाठ. दोन तासांवर उशीर झाला की खायला द्यावं लागतं (ते मिळालं, गरम पाणी ओतून करायचा उपमा, आईने वास घेऊन खाली ठेवला) आणि सहा तासांच्या वर गेला की दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत. काका दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि त्यांना विमान यायला हवंय की नको ते कळत नव्हतं. मागे देवगडचे एक आंबेवाले बसलेले, ते सारखे घरी फोन लावून "आभाळ कसा आसा" विचारत होते. इकडे मोहोर फुटलेला, आणि दोन दिवस ढगाळ वातावरण आणि पहाटेचं धुकं म्हटल्यावर तुडतुडा पडणार, करपा येणार, फवारणीचा खर्च वेगळाच. दिल्लीच्या धुक्याबद्दल आम्ही सगळे शिव्या देत होतो, ते एकटेच देवगडच्या धुक्याला देत होते.

उपमा कोणी खाईना आणि भूक तर लागलेली. आईने आमच्या बॅगेतून उस्मानिया बिस्किटांचा पुडा काढला. असे सहा पुडे होते, कुणाकुणाला द्यायचे त्याची यादी माझ्या पर्समध्ये. एक फिरला, मग दुसरा, कुडाळच्या काकांकडून शेंगदाण्याचा लाडू आला, गजाली सुरू झाल्या, आणि निम्म्या लोकांचं एकमेकांत लांबचं नातं निघालं. साडेदहाला बावलो परत आला तेव्हा लोक त्याच्यावर तुटून पडले. तो पडेल चेहऱ्याने "सर, इनकमिंग एअरक्राफ्ट" एवढंच म्हणत राहिला. गर्दी पांगल्यावर आई उठली, त्याच्या हातात चार बिस्किटं ठेवली आणि आपल्या हिंदीत म्हणाली, "खा बाबा, तुम कब से खडा है." त्याने इकडेतिकडे बघितलं, काउंटरच्या खाली वाकला आणि तिथल्या तिथे चारही खाल्ली. वर आला तेव्हा ब्लेझरवर चुरा.

विमान सुटलं ११.४० ला. सहा तासांना दहा मिनिटं कमी. कुडाळच्या काकांचा चेहरा मला अजून आठवतो.

मोपाला उतरलो तेव्हा एक वाजलेला. बांद्याच्या पुढे रस्त्यावर धुकं इतकं की ड्रायव्हरने गाडी रांगत आणली. नवरा झोपलेला, आई काच खाली करून बाहेर हात काढून बघत होती, हाताला ओल लागली तशी म्हणाली, "गेलो मोहोर."

बिस्किटांचा एकच पुडा घरी पोचला. यादीत सहा नावं आहेत.